काकणभर जास्त

'ग्रुप ए इज मच मोअर बेटर दॅन ग्रुप बी.'

हे वाक्य मी आजवर किती वेळा दुरुस्त केलं असेल, त्याचा हिशोब ठेवलेला नाही. वारजे माळवाडीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. तिथल्या जेवणाच्या टेबलावर, बायपासवरच्या ट्रकांची घरघर ऐकत, गेली बारा-तेरा वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रबंधांचं इंग्रजी नीट करून देते. त्याआधी ज्युनिअर कॉलेजात सीएचबीवर शिकवत होते. तासावर पैसे, आणि तेही कधी मिळतील ते देवाला ठाऊक. मग मैत्रिणीच्या मुलीचा फिजिओथेरपीचा प्रबंध तपासून दिला, तिने दोघींना सांगितलं, त्या दोघींनी चौघींना, आणि टेबल भरून गेलं. आता फिजिओ, नर्सिंग, एम.एड., होम सायन्स, अधूनमधून शेतकी, जे येईल ते घेते. मुलं फाइल पाठवतात आणि खाली लिहितात, 'मॅडम, फक्त ग्रामर बघा.' फक्त ग्रामर बघता येत नाही, हे मला उशिरा कळलं. कसं कळलं ते पुढे सांगते, कारण ते फारसं भूषणावह नाही.

येणाऱ्या बहुतेक प्रबंधांचा सांगाडा एकच असतो. दोन गट घ्यायचे, एकाला हे करायचं, दुसऱ्याला ते, आणि शेवटी दोघांत काय फरक पडला ते लिहायचं. गुडघेदुखीच्या बायकांपैकी निम्म्यांना हा व्यायाम, निम्म्यांना तो. किंवा शहरातली मुलं आणि खेड्यातली मुलं, रात्रपाळीच्या नर्स आणि दिवसपाळीच्या. प्रस्तावना दहा ठिकाणांहून गोळा केलेली असते, 'मेथडॉलॉजी' गाइडच्या आधीच्या विद्यार्थ्याकडून वारशाने आलेली असते, स्टॅट कुणाकडून तरी पैसे देऊन काढून घेतलेलं असतं. पोराचं स्वतःचं म्हणावं असं काय ते 'रिझल्ट्स'चं प्रकरण. आणि नेमकं तिथेच इंग्रजी पाय घसरून पडतं.

मी मुलांना दोष देत नाही. आपण सगळेच 'डिग्री' बदलत मोठे झालो. मुंबई हे महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं शहर आहे. मुंबई महाराष्ट्रातल्या इतर कुठल्याही शहरापेक्षा मोठी आहे. महाराष्ट्रातलं दुसरं कुठलंही शहर मुंबईइतकं मोठं नाही. सुपरलेटिव्ह, कम्पॅरेटिव्ह, पॉझिटिव्ह, घ्या एक मार्क. मीही वर्षानुवर्षं फळ्यावर हेच लिहीत होते. या खेळाचा नियम असा की वाक्य कितीही उलटंपालटं केलं तरी अर्थ जागचा हलता कामा नये. मुंबई मोठी, ठीक आहे. पण पुण्यापेक्षा किती मोठी, हे त्या खेळात कुणी विचारत नाही. मार्क मिळाला की पुढचा प्रश्न. दहावीत हे इतकं घोटून घेतलेलं असतं की 'किती' विचारलं की मुलं गोंधळून बघतात, जणू मी अभ्यासक्रमाबाहेरचं काही विचारलं.

त्यात आपल्या भाषेचा स्वभाव वेगळा. मराठीत तुलना करताना विशेषणाला हात लावायची गरज नसते. 'पेक्षा' किंवा 'हून' जोडलं की काम झालं: ती माझ्याहून उंच आहे. 'उंच' होतं तसंच राहतं. इंग्रजीत 'टॉल'चं 'टॉलर' करावं लागतं, लांबलचक शब्दाच्या पुढे 'मोअर' उभा करावा लागतो. कुठे काय ते आठवत नाही म्हणून मुलं दोन्ही लावतात, आणि कमी पडू नये म्हणून वर 'मच'. हसायला येतं खरं, पण दुहेरी सुपरलेटिव्ह शेक्सपिअरनेही 'ज्युलियस सीझर'मध्ये वापरलंय. आणि आपण तरी काय करतो? श्रेष्ठ म्हणजे मुळातच सर्वांत चांगला, ज्येष्ठ म्हणजे मुळातच सर्वांत थोरला. तरी सत्काराच्या पत्रिकेवर 'सर्वश्रेष्ठ' आणि 'सर्वांत ज्येष्ठ' छापताना कुणाचा हात अडखळत नाही.

'मोअर बेटर' तसं निरुपद्रवी आहे, वाचणाऱ्याची दिशाभूल होत नाही. त्याहून चिवट चूक दुसरीच आहे. 'पुण्याची थंडी मुंबईपेक्षा जास्त असते' हे मराठीत ठणठणीत वाक्य आहे. थंडीची तुलना आख्ख्या शहराशी चालली आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ऐकणारा गाळलेला शब्द मनातल्या मनात भरतो. हीच सवय इंग्रजीत गेली की खेड्यातल्या मुलांचं वजन शहरातल्या मुलांच्या वजनाशी न लढता थेट शहरातल्या मुलांशीच लढायला लागतं. मग मध्ये 'दॅट ऑफ' घालावं लागतं. हे 'दॅट ऑफ' मी इतक्यांदा टाइप केलं की शेवटी नवऱ्याने कंटाळून मला त्यासाठी शॉर्टकट बसवून दिला.

हे सगळं व्याकरण झालं. 'किती'चा प्रश्न पहिल्यांदा सोडवला तो माझ्या सासूबाईंनी.

साताऱ्याकडची एक फिजिओची मुलगी समोर बसली होती. तिच्या दोन्ही गटांतल्या बायकांचं दुखणं कमी झालं होतं. 0 ते 10 च्या पट्टीवर बायकांनी स्वतः खूण करायची, असं ते मोजतात. तिने लिहिलं होतं की ए गटात सुधारणा 'मच मोअर' आहे. मी विचारलं, 'किती जास्त गं?'

'मॅडम, जास्त म्हणजे... जास्तच.'

'पण किती?'

'चांगली जास्त.'

सासूबाई पलीकडे बसून मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, 'काकणभर का चांगली घसघशीत?'

मुलीने तक्त्याकडे पाहिलं, मनाशी वजाबाकी केली आणि म्हणाली, 'काकणभरच, आजी.'

'मग तसं लिही की. त्यात लाजायचं काय!'

तक्ता तिच्यापुढे दोन आठवडे होता. इंग्रजीतून बघताना तिला 'मोअर' आणि 'मच मोअर' एवढ्या दोनच पायऱ्या दिसत होत्या. मराठीत विचारल्याबरोबर अचूक पायरीवर बोट पडलं. ही पोर घरी भाकरीचं पीठ भिजवताना, आईला फोनवर पावसाचं सांगताना दिवसभर या पायऱ्या चढ-उतार करत असणार. 'कालच्यापेक्षा जरा उघडलाय' म्हणणार, 'खूपच उघडलाय' म्हणणार नाही.

त्या दिवशी आम्ही तिघींनी मिळून वहीत एक उतरंड मांडली. किंचित, अंमळ, जरा, थोडं, काकणभर, बरंच, चांगलंच, पुष्कळ, कितीतरी, आणि टोकाला जमीन-अस्मान. मी 'तिळभर' घातलं तर सासूबाईंनी ते खोडायला लावलं. 'तिळभर नकाराबरोबर येतं. तिळभरही फरक नाही, तसूभरही हलला नाही. तिळभर जास्त असं कोण म्हणतं?' बरोबर होतं त्यांचं. पलीकडच्या रकान्यात मी इंग्रजी शब्द बसवत गेले: स्लाइटली, मार्जिनली, समव्हॉट, कन्सिडरेबली, सबस्टॅन्शली. 'मार्जिन' म्हणजे कड. तिकडे कड, इकडे काकण, हे जमून गेलं. 'क्वाइट'ला मात्र मी घरात बंदी घातली, कारण इंग्रज माणूस ते 'बऱ्यापैकी' अशा अर्थाने घेतो आणि अमेरिकन 'अगदी' अशा अर्थाने. 'खूप' आपल्याकडे सगळीकडे चालतं, 'खूप चांगलं' आणि 'खूप जास्त'. इंग्रजीत 'व्हेरी गुड' चालतं पण 'व्हेरी बेटर' चालत नाही, तिथे 'मच' किंवा 'फार' लागतं. आणि हे 'फार' म्हणजे निव्वळ गंमत: त्यांचं 'फार बेटर' आणि आपलं 'फार बरं', अर्थ तोच, उच्चारही जवळजवळ तोच. दोन शब्दांचं एकमेकांशी नातं काही नाही, योगायोग आहे; पण हा एक शब्द कुठलाच विद्यार्थी विसरत नाही.

ती वही अजून आहे. पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत 'तारतम्य' लिहून ठेवलंय. संस्कृतात तुलनेच्या प्रत्ययांची एक जोडी आहे, तर आणि तम. दोघांत एक अधिक असेल तर 'तर', अनेकांत एक असेल तर 'तम'. हा भेद पाणिनीने करून ठेवलाय. त्या दोन प्रत्ययांचाच भाव म्हणजे तारतम्य. आपण तो शब्द शहाणपणासाठी वापरतो, 'काही तारतम्य आहे की नाही' असं म्हणतो. आहे तो शुद्ध 'डिग्रीज ऑफ कम्पॅरिझन'. हे मी मुलांना सांगते तेव्हा त्यांचे चेहरे क्षणभर उजळतात आणि लगेच 'मॅडम, फाइल शुक्रवारपर्यंत होईल ना?' असा प्रश्न येतो.

आता माझं स्वतःचं तारतम्य कुठे गेलं होतं ते सांगते.

कामाला लागून तीनेक वर्षं झाली असतील. कुठल्या विषयाचा प्रबंध आणि कुठलं कॉलेज ते मुद्दाम लिहीत नाही. दीड-दोन पानांत 'हायर' हा शब्द चौदा वेळा आला होता. मी साहित्याची विद्यार्थिनी. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की मला डोळ्यात खडा गेल्यासारखं होतं. म्हणून मी ती पानं सजवली. कुठे 'मार्केडली हायर', कुठे 'कन्सिडरेबली', आणि तीन ठिकाणी 'सिग्निफिकंटली हायर'. वाचायला पान सुरेख झालं. मुलगीही खूश.

व्हायवाला एक्स्टर्नलने नेमकं ते पान उघडलं. 'हे सिग्निफिकंट कसं? तुमच्याच तक्त्यात पी व्हॅल्यू 0.21 दिसतेय.' तिला उत्तर देता येईना, कारण तो शब्द तिने लिहिलेलाच नव्हता. 'भाषा एका मॅडमनी बघितली,' एवढंच ती म्हणाली, आणि त्यावर तिथे जे हसू झालं असेल ते मी इथे बसून ऐकू शकते. दुरुस्त्या करून पुन्हा सादर करा असं सांगितलं गेलं. सगळ्या प्रतींचं बाइंडिंग सोडवून पुन्हा बांधायचं. संध्याकाळी तिचा फोन आला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती मलाच समजावत होती, 'असू दे मॅडम, तीन शब्दच बदलायचेत.' बाइंडिंगचे पैसे मी दिले. ते घेतानाही ती संकोचली.

त्या रात्री मी पहिल्यांदा संख्याशास्त्राचं पुस्तक उघडलं. इंग्रजी साहित्यात 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचा, अर्थपूर्ण. संख्याशास्त्रात तसं काही नसतं. रोनाल्ड फिशरने 1925 च्या आपल्या पुस्तकात 5 टक्क्यांची रेघ रूढ केली. गटांत खरोखर काहीच फरक नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता विसात एकाहून कमी असेल, तर त्या फरकाला 'सिग्निफिकंट' म्हणायचं. तो फरक मोठा आहे की छोटा, कुणाच्या उपयोगाचा आहे की नाही, यावर तो शब्द काहीच बोलत नाही. हजारो माणसं मोजली तर काकणभर फरकही सिग्निफिकंट ठरू शकतो. पंधरा-पंधरा माणसं मोजली तर घसघशीत फरकही ठरेलच असं नाही. फरकाचा आकार सांगायला जेकब कोहेन यांनी वेगळं माप दिलं, 0.2 लहान, 0.5 मध्यम, 0.8 मोठा, आणि हे ठोकताळे आहेत, डोळे झाकून लावू नका, असंही बजावलं. मुलं अर्थातच डोळे झाकून लावतात. 2019 मध्ये तर अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकाच्या संपादकीयात 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट' हा शब्दप्रयोगच सोडून द्या असं लिहून आलं. आमच्या टेबलापर्यंत ते वारं अजून पोचलेलं नाही. पण माझ्यापुरता नियम झाला: तक्त्यातल्या चाचणीचा आधार नसेल तर तो शब्द माझ्या हातून जाणार नाही. मराठीत एम.एड.ची मंडळी 'सार्थक फरक' म्हणतात. मला तो शब्द आवडतो, एवढ्यासाठी की वर्तमानपत्रांनी अजून तो 'लक्षणीय'सारखा गुळगुळीत केलेला नाही.

आता नवीन कुणी आलं की आधी एक कागद पुढे करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले महाराष्ट्राचे आकडे. पाच वर्षांखालच्या, वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या मुलांचं प्रमाण: 2015-16 मध्ये 34.4 टक्के, 2019-21 मध्ये 35.2. त्याखाली 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमधलं रक्तक्षयाचं प्रमाण: आधी 48.0, नंतर 54.2. दोन्हींवर एकेक वाक्य लिही, म्हणते. पहिल्यावर 'इन्क्रीज्ड' लिहितात, कुणी 'ड्रॅस्टिकली इन्क्रीज्ड'ही लिहितं, कारण तो शब्द कुठल्याशा क्लासमध्ये पाठ करून घेतलेला असतो. मग मी विचारते, ही जनगणना आहे की नमुना? नमुना. म्हणजे पुन्हा गेलो असतो तर आकडा थोडा इकडेतिकडे झाला असता? झाला असता. मग 0.8 ला काय म्हणशील? पुष्कळ खाडाखोड होऊन 'जवळजवळ तेवढंच राहिलं' यावर गाडी येते. आणि रक्तक्षयावर? इथे 'स्लाइटली' लिहिलं तर तोही खोटेपणाच. 6 अंकांची वाढ आहे, शंभरातल्या सहा बायका.

अंक की टक्के, हे दुसरं दुखणं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता 88.38 टक्के, स्त्रियांची 75.87. 'पुरुषांची साडेबारा टक्क्यांनी जास्त' असं आपण सर्रास लिहितो. भागाकार करून बघा, ती स्त्रियांच्या साक्षरतेपेक्षा साडेसोळा टक्क्यांनी जास्त निघते. साडेबारा आहेत ते 'पर्सेंटेज पॉइंट'. आणि 2001 मध्ये ही दरी जवळपास 19 पॉइंटांची होती. दोन्ही गट वर सरकले आणि मधलं अंतर कमी झालं, हे एका इंग्रजी वाक्यात मांडायला सांगितलं की मुलं घाम पुसतात. तिपटीचंही तेच. 'तिप्पट' म्हटलं की कुणाला शंका येत नाही. 'तीन पटींनी वाढलं' म्हटलं की एकाचे तीन झाले की चार, यावर घराघरांत भांडण होईल. इंग्रजीतलं 'थ्री टाइम्स मोअर' तसंच भांडकुदळ आहे. मी सरळ 'थ्री टाइम्स ॲज मेनी' करून टाकते.

हे सगळं नीट केलेलं कसं दिसतं ते दाखवायला मला लांब जावं लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा 2003 मधला लेख आहे, पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं यांच्या तुलनेचा. आपल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, तिकडच्यांचं 3.5. दहावीच्या पद्धतीने काम तिथेच संपलं असतं: आपली बाळं लहान, त्यांची मोठी. लेख तिथे सुरू होतो. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान भरली, पण सगळ्या मापांत सारखी लहान भरली नाहीत. पोटाचा घेर आणि दंड यांत ती सर्वाधिक मागे, डोकं आणि लांबी यांत त्यामानाने कमी मागे, आणि खांद्याच्या पात्याखालची चरबीची घडी मोजली तर सर्वांत कमी मागे. म्हणजे बाळ दिसायला रोड, पण चरबी राखून ठेवलेली. त्यांनी त्याला 'थिन-फॅट' म्हटलं, आणि मधुमेहाचा आपल्याकडचा विचार या 'त्यामानाने'भोवती फिरू लागला. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी आणि लंडनच्या युडकिनांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी एकाची 9.1 टक्के, दुसऱ्याची 21.2. जास्त कुणाची ते सांगायला नकोच. मी हा लेख मुलांना देते आणि 'रिलेटिव्हली' कुठे कुठे लपलंय ते शोधायला लावते.

याच्या उलटही होतं. 'मॅडम, माझा रिझल्टच आला नाही,' असं म्हणत एखादी रडवेली होऊन येते. आलेला असतो. दोन गटांत फरक आढळलेला नसतो, एवढंच. तिला वाटतं दोन वर्षं फुकट गेली. मग ती शब्दांचा आधार घेते: 'ए गट किंचित वरचढ होता, पण सिग्निफिकंट नव्हता, तरीही कल दिसतो...' मी ते छाटते. 'देअर वॉज नो डिफरन्स' हेसुद्धा छाटते, कारण फरक नाही आणि फरक आढळला नाही यांत अंतर आहे; तीस माणसांत आढळला नाही, तीनशेंत आढळेलही. 'नो डिफरन्स वॉज फाउंड'. संपलं वाक्य.

अशा मुलींना मी इरावतीबाई कर्व्यांची गोष्ट सांगते. आमच्या वारज्याला लागून कर्वेनगर, तिथे हिंगण्याची महर्षी कर्व्यांची संस्था. त्या घरची ही सून. 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगन फिशर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएच.डी. करायला गेली. नावात फिशर आहे म्हणून गल्लत नको, हा वेगळा. पुढे नाझींच्या वंशविचाराला ज्याचा आधार झाला तो. त्याची अटकळ अशी की कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जो असमतोल असतो तो गोऱ्या वंशात निराळा असतो, आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचं श्रेष्ठत्व आहे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशागणिक तसा फरक त्यांना आढळला नाही आणि त्यांनी तसंच लिहिलं, त्याच गाइडच्या हाताखाली, परक्या देशात, परक्या भाषेत. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापनांचं पुस्तक केलं, 1951 साली. आयुष्यभर गटच मोजत होत्या. हे सांगून झालं की रडवेली मुलगी बहुतेक वेळा विचारते, 'त्यांच्या गाइडने सही केली?' केली, म्हणते मी. त्यावर तिचा जरा जीव भांड्यात पडतो.

मागच्या उन्हाळ्यात एक शिक्षक आले होते, शिवण्याच्या पुढून. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, चाळिशीच्या आसपासचे, नोकरी सांभाळून एम.एड. पूर्ण करत होते. मी त्यांना सर म्हणायची, ते मला मॅडम. विषय: मराठी माध्यमाची मुलं आणि सेमी-इंग्रजीची मुलं, आठवी, इंग्रजी लेखन. दोन्ही गटांत चाळीस-चाळीस. 'रिझल्ट्स'चं पहिलंच वाक्य होतं, 'मराठी मीडियम स्टुडंट्स आर पुअर इन इंग्लिश.'

मी म्हटलं, 'सर, हे वाक्य तुमच्या चाळीस मुलांबद्दल आहे की महाराष्ट्रातल्या सगळ्या?'

'चाळीस. पण मॅडम, खरं तेच आहे ना?'

मग आम्ही एकेक शब्द घेतला. 'आर'चं 'वेअर' केलं. मराठीत 'असतात' आणि 'होती' यांत जेवढं अंतर, तेवढंच. सुरुवातीला 'द' आणून वाक्य त्या चाळिसांपुरतं बांधलं. 'पुअर' काढून 'स्कोअर्ड लोअर' घातलं, कारण मोजले होते गुण, मुलं मोजली नव्हती. 'ऑन ॲव्हरेज' घातलं. तक्ता बघून 'समव्हॉट' घातलं. वाक्य लांबलं. सर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, 'मीपण मराठी माध्यमाचाच. पहिलं वाक्य लिहिताना माझ्या ते डोक्यातही आलं नाही बघा.'

चार दिवसांनी ते पुन्हा आले, न बोलावता. उत्तरपत्रिकांची यादी काढून बसले होते. सेमीच्या गटाची जी सरासरी, तिच्या वर मराठी माध्यमाची किती मुलं आहेत, ते त्यांनी एकेक नाव बघून मोजलं होतं. 11 निघाली. गाइडने सांगितलं नव्हतं, स्टॅटवाल्यानेही नाही. त्यांनी नवं वाक्य लिहून आणलं होतं, 'ॲज मेनी ॲज इलेव्हन' असं.

'हे कुठून आणलंत?'

'पेपरात असतं ना? तब्बल अकरा.'

'तब्बल' काढा म्हटलं. 'जेमतेम अकरा' लिहिणारा ज्या हक्काने लिहील त्याच हक्काने तुम्ही 'तब्बल' लिहिताय. आकडा नुसता राहू द्या, चाळिसांपैकी 11.

'नुसता फार कोरडा दिसतो हो, मॅडम.'

'दिसू दे.'

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग लॅपटॉप स्वतःकडे वळवून त्यांनी एका बोटाने ते तीन शब्द पुसले आणि पुढचं वाचत गेले, मोठ्याने, वर्गात वाचतात तसं. 'इलेव्हन ऑफ द फोर्टी.' मी त्यांच्या फोर्टीतला 'यू' काढला आणि फाइल सेव्ह केली.